घर बघायला कुणाला घेऊन गेलात?

आपण मराठी माणसं खरेदीच्या बाबतीत भलतीच चोखंदळ. भेंडी घेताना शेंडा मोडून बघणार, कलिंगडावर टिचकी मारणार, हापूसची पेटी उघडून देठाकडचा वास घेणार. साधा मोबाइल घ्यायचा तरी पंधरा दिवस रिव्ह्यू वाचणार आणि ऑफिसातल्या चार जणांचं डोकं खाणार. सेकंडहँड बाइक घ्यायची असेल तर आपण एकटे जातच नाही. ओळखीच्या मेकॅनिकला मागे बसवून नेतो. तो किक मारतो, सायलेन्सरचा आवाज ऐकतो, चेनला हात लावतो आणि विकणाऱ्याच्या देखत नुसती मान हलवतो. त्या मान हलवण्यातच पाच हजार सुटतात.

आता सांगा, फ्लॅट बघायला कुणाला घेऊन गेला होतात?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं आहे. बायकोला, आई-बाबांना, फार तर बिल्डिंगमधल्या अनुभवी काकांना. रविवारी सकाळी साइटवर पोचायचं, वीस मिनिटं फिरायचं. सोफा इथे, टीव्ही तिथे, देवघर कुठे बसेल, बाल्कनीतून डोंगर दिसतो का. एखाद्याने नळ सोडून बघितला तर तो फारच चौकस! मग गाडीत बसल्यावर एकमेकांकडे बघून, ‘आवडलं ना? मग करून टाकू या.’

जरा हिशेब मांडू. ६० लाखांचं लोन, साडेआठ टक्के व्याज, मुदत २० वर्षं. हप्ता महिन्याला ५२ हजारांच्या आसपास. वीस वर्षांत बँकेला परत जाणार सव्वा कोटीच्या घरात. डाउन पेमेंट वेगळं, त्यात बाबांच्या पीएफचे पैसे आणि आईची मोडलेली एफडी. स्टॅम्प ड्युटी वेगळी, ब्रोकरेज वेगळं. एवढ्या सगळ्या रकमेचा निर्णय आपण वीस मिनिटांत घेतो. मोबाइलला पंधरा दिवस, घराला वीस मिनिटं. गंमत आहे ना?

सगळे आहेत, पण कुणाचे?

‘अहो, इतकी माणसं असतात की व्यवहारात,’ असं तुम्ही म्हणाल. असतात ना. पण प्रत्येक जण नेमका कुणासाठी काम करतो, ते एकदा बघू या.

सेल्स ऑफिसमधली ती गोड बोलणारी मुलगी बिल्डरची. तिचं टार्गेट महिनाअखेरीचं. ब्रोकर मधला, पण त्याचे पैसे व्यवहार झाला तरच सुटतात. त्यामुळे ‘जरा थांबा, ती भिंत बघून घ्या’ असं तो सांगेल अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे वेटरला ‘आज भाजी ताजी आहे का’ विचारण्यासारखं.

‘पण बँकेने व्हॅल्युअर पाठवला होता!’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. बँकेचा माणूस येतो, फ्लॅट मंजूर नकाशाप्रमाणे आहे का बघतो, फोटो काढतो, बाजारभाव लिहितो आणि जातो. उद्या तुम्ही हप्ते थकवले तर हा फ्लॅट विकून बँकेचे पैसे वसूल होतील का, हा त्याचा प्रश्न. तुमच्या बेडरूमच्या भिंतीला जुलैत ओल येईल का, हा त्याचा प्रश्नच नाही. त्याचा रिपोर्टही बँकेसाठी असतो.

वकील तुमचा खरा, पण तो कागद बघतो. टायटल, सर्च रिपोर्ट, ॲग्रीमेंट. ते हवंच, त्यात काटकसर नको. पण वकिलाला सातबारा वाचता येतो, खांबावरची भेग वाचता येत नाही.

आणि हो, वास्तुवाले! त्यांना आपण आनंदाने पाकीट देतो. टॉयलेट ईशान्येला आहे का ते त्यांनी बघितलेलं असतं. टॉयलेट गळतंय का, ते कुणीच बघितलेलं नसतं.

म्हणजे एवढ्या गर्दीत विटा, सिमेंट, पाइप आणि वायरिंग तुमच्या बाजूने बघणारा माणूस एकही नाही. बाइकच्या वेळी मेकॅनिक होता. घराच्या वेळी ती जागा रिकामी. ती भरायची, एवढंच या आठवड्याचं सांगणं आहे.

हे काम करणारी माणसं आपल्याकडे आहेत. महापालिकेचा परवाना असलेले स्ट्रक्चरल इंजिनीअर आहेत, स्वतंत्र प्रॅक्टिस करणारे सिव्हिल इंजिनीअर आहेत, पुण्या-मुंबईत तर होम इन्स्पेक्शनचंच काम करणाऱ्या कंपन्याही आहेत. फी साधारण काही हजारांत. ब्रोकरला देतो त्याच्यापुढे चिल्लर!

पेढे, नारळ आणि अर्थिंग

माझा एक मित्र हिंजवडीत नोकरीला. वाकडला त्याने टू बीएचके बुक केला, दोन वर्षं वाट बघितली आणि अखेर पझेशनचा दिवस उजाडला. नारळ, पेढे, दीड वर्षाच्या लेकीला नवा फ्रॉक. फक्त एक गोष्ट त्याने वेगळी केली. एका निवृत्त इंजिनीअरना सोबत नेलं. साठी उलटलेले गृहस्थ, खांद्याला शबनम, तीत ओळंबा, स्पिरिट लेव्हल, टॉर्च, ओल मोजायचा मीटर आणि प्लगमध्ये खुपसायचा एक छोटासा टेस्टर.

साइट सुपरवायझर किल्ल्या घेऊन उभाच होता. ‘सर, पझेशन लेटरवर सही करून टाका. बारीकसारीक काय असेल ते नंतर बघू. रोज दहा फ्लॅट देतो आम्ही, एवढं कुणी बघत नाही.’

‘म्हणूनच बघतोय,’ साहेब म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

पुढचे अडीच तास बघण्यासारखे होते. त्यांनी प्रत्येक लादीवर लाकडी काठीने टकटक केलं. जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने फुली. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं आणि ते नहाणी ट्रॅपकडे जातं का दाराकडे येतं, ते शांतपणे बघत बसले. ते दाराकडे आलं. ओळंबा लावला, तर किचनची भिंत ओळंब्यात नव्हती. खिडक्यांच्या स्लायडिंगच्या खाचेत पाणी ओतलं, तर बाहेर जायला भोकच नाही. म्हणजे पहिल्याच पावसात पाणी घरात. सगळे फ्लश, सगळे नळ एकदम सोडून प्रेशर बघितलं.

मग तो छोटा टेस्टर बाहेर निघाला. हॉल, किचन, बेडरूम, सगळीकडे दिवे बरोबर लागले. कॉमन बाथरूममधल्या गीझरच्या पॉइंटला मात्र चुकीचा दिवा लागला. तीन भोकं होती, चकचकीत स्विच होता, फक्त मागे अर्थिंगची वायर जोडलेली नव्हती. मग डीबीमधल्या आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबलं. तो ट्रिप होऊन सगळी वीज जायला हवी होती. काहीच झालं नाही. करंट गळायला लागला तर क्षणात वीज तोडून माणसाला वाचवायचं, हेच त्या उपकरणाचं काम.

एरवी हसतमुख असलेला माझा मित्र त्या दिवशी गप्प झाला. पोकळ लादी फुटली असती तर बदलली असती. पण गीझरमध्ये बिघाड झाला असता, अर्थिंग नाही, आरसीसीबी बंद, आणि ओल्या अंगाने नळाला हात लावणारी दीड वर्षाची लेक. हे त्याला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

यादीत एकूण ४१ नोंदी झाल्या. त्याने त्या दिवशी सही केली नाही. यादी ई-मेलने बिल्डरला पाठवली, पोच घेतली. तीन आठवड्यांत कामं झाली, साहेबांनी पुन्हा येऊन तपासली आणि मगच किल्ल्या घेतल्या. पेढे तेव्हा वाटले. बिल्डरशी भांडण वगैरे काही झालं नाही. नोंदी लेखी असल्या आणि मागे जाणकार उभा असला की आवाज चढवावा लागत नाही.

इथे कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे, पझेशनपासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेत किंवा कामाच्या दर्जात दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा आहे. नाही केला तर भरपाई मागता येते. पण दोष ‘दाखवून’ द्यायचा कुणी? तुम्ही. आणि तो दिसायला तसे डोळे हवेत.

रिसेलच्या फॉल्स सीलिंगमागे

नव्या फ्लॅटचं हे, तर जुन्याचं काय बोलावं! रिसेल फ्लॅट बघायला जाल तेव्हा तीन गोष्टींवर थोडा संशय घ्या: नुकताच लावलेला रंग, नुकतंच केलेलं फॉल्स सीलिंग आणि फक्त एकाच भिंतीवर चिकटवलेला वॉलपेपर. दर वेळी त्यामागे काही लपलेलं असेल असं नाही. पण लपवायचं असेल तर याहून स्वस्त पडदा नाही.

ठाण्यातली एक मैत्रीण अशाच एका फ्लॅटच्या प्रेमात पडली होती. तिसरा मजला, तीस वर्षांची बिल्डिंग, स्टेशन चालत दहा मिनिटांवर, बाल्कनीला लागून बकुळीचं झाड. तिने टोकन द्यायच्या आधी इंजिनीअरना नेलं. त्यांनी बेडरूमच्या फॉल्स सीलिंगमधला एक दिवा उतरवायला सांगितला आणि त्या भोकातून टॉर्च मारला. वर स्लॅबचा गिलावा पडलेला, गंजलेल्या सळया उघड्या.

सळया का गंजतात, हे एकदा समजून घ्या, मग भेगा वेगळ्याच दिसायला लागतील. चांगलं काँक्रीट अल्कलीधर्मी असतं आणि त्यामुळेच आतली सळई सुरक्षित राहते. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो आणि हे कवच हळूहळू संपतं. त्यात गळतीचं पाणी मिळालं की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. आधी बारीक भेग, मग तपकिरी डाग, मग पोपडे, मग एक दिवस ढलपा खाली.

ही तपासायची पद्धत तर तुमच्या ओळखीची आहे. बारावीच्या टायट्रेशनमधलं फिनॉल्फथॅलिन आठवतं? ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते टाकतात. गुलाबी झालं तर तब्येत बरी. रंग आलाच नाही तर कवच गेलेलं. शिवाय रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाच्या कठीणपणाचा अंदाज घेतात, अल्ट्रासॉनिक लहरी पाठवून आतल्या पोकळ्या आणि भेगा शोधतात. मात्र या चाचण्या एकट्या फ्लॅटच्या नसतात. खांब-तुळया सगळ्या बिल्डिंगच्या असतात. त्यामुळे रिसेलमध्ये विचारायचा पहिला प्रश्न: ‘सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट दाखवता का?’

हा काही आगाऊपणा नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. रिपोर्टमध्ये एक छोटासा कोड असतो, तो बघा. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए आणि सी-२बी म्हणजे मोठी दुरुस्ती, पहिल्यात घरं रिकामी करून, दुसऱ्यात न करता. सी-३ म्हणजे किरकोळ काम.

मैत्रिणीने सेक्रेटरींकडे रिपोर्ट मागितला. सी-२बी. मोठी दुरुस्ती मंजूर झालेली, प्रत्येक फ्लॅटमागे साडेचार लाखांची वर्गणी ठरलेली, पहिला हप्ता दोन महिन्यांवर. विकणाऱ्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तिने किंमत कमी करायला सांगितली, तो तयार झाला नाही, तिने फ्लॅट सोडला. नंतर पलीकडच्या गल्लीत दुसरा घेतला. तिथे बकुळ नाही आणि ते तिला अजून खुपतं, असं ती प्रामाणिकपणे सांगते. पण रात्री झोप शांत लागते, असंही सांगते.

ही भीती घालत नाहीये, पण...

२५ जुलै २०१७. घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळली, १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात इमारतीच्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यावरच्या माणसाने आपलं घर कितीही नीट ठेवलं तरी खालच्या खांबाचं काय? म्हणून चांगला इन्स्पेक्टर फक्त तुमच्या चार भिंती बघून थांबत नाही. पार्किंगमध्ये उतरतो, खांब बघतो, गच्ची बघतो, खालच्या दुकानवाल्याने काय काय फोडलंय ते बघतो.

‘जुन्या बिल्डिंगचं असंच असतं, आम्ही नवीन घेतोय,’ असं म्हणत असाल तर थांबा. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली आणि १६ जणांचा जीव गेला. ती काही जुनाट नव्हती, जेमतेम दशकभराची होती. ‘ते छोटं गाव, आमचा तर क्लब हाउसवाला टॉवर!’ तेही बघू. १० फेब्रुवारी २०२२ ला गुरुग्रामच्या चिंटल्स पॅराडायसो या संकुलात एका १८ मजली टॉवरच्या सहाव्या मजल्यावरची जमीन खचली आणि खालचे मजले घेत पहिल्यापर्यंत आली. दोन महिलांचा मृत्यू झाला. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आढळलं, म्हणजे सळया गंजवणारं मीठ. स्विमिंग पूल, लँडस्केप गार्डन, इटालियन मार्बल, यातल्या कशालाही काँक्रीटमधलं मीठ दिसत नाही.

एका फ्लॅटच्या इन्स्पेक्शनने असं प्रत्येक संकट आधीच कळेल, असा दावा कुणी करत असेल तर त्याच्यापासूनही जपा. इन्स्पेक्टर भिंत फोडत नाही, त्याला आरपार दिसत नाही, त्याचा रिपोर्ट ही गॅरंटी नव्हे. तो खुणा वाचतो. कोणती भेग नुसत्या गिलाव्याची, पुटी भरून मिटणारी, आणि कोणती खांबातून आलेली, हे त्याला कळतं. आणि ‘इथे थांबा, आधी मोठी तपासणी करून घ्या’ हे तो वेळेवर सांगतो. डॉक्टर तरी पहिल्या भेटीत याहून वेगळं काय करतो?

मग करायचं काय?

रिसेल असेल तर टोकनच्या आधी इन्स्पेक्शन. ब्रोकर ‘आज ५१ हजार द्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे’ म्हणाला तरी! अगदीच द्यावे लागले तर पावतीवर लिहून घ्या, की तपासणीत मोठा दोष निघाला तर टोकन परत. अमेरिकेत घर घेतलेल्या तुमच्या चुलतभावाला विचारून बघा. तिथे खरेदीच्या करारातच अशी अट घालायची पद्धत आहे आणि अनेक राज्यांत होम इन्स्पेक्टरला परवाना लागतो.

आपल्याकडे ‘होम इन्स्पेक्टर’ असा वेगळा परवाना नाही, त्यामुळे माणूस तुम्हालाच पारखायला हवा. शिक्षण आणि अनुभव विचारा. आधीचा एखादा रिपोर्ट नमुन्याला मागा. फोटो, जागा, दोष आणि उपाय असं सगळं त्यात असलं पाहिजे. प्रत्यक्ष कोण येणार तेही विचारा, नाहीतर बोलतात मोठे साहेब आणि येतो कालचा ट्रेनी. ब्रोकरने किंवा बिल्डरने सुचवलेला माणूस नको. आणि दोष शोधणाऱ्यालाच दुरुस्तीचं कंत्राट देऊ नका, नाहीतर दोषांची संख्या वाढते!

नवा फ्लॅट असेल तर पझेशन लेटरवर सही करण्याआधी. बांधकाम सुरू असलेला असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रोजेक्टचा नंबर टाकून मंजुरीचे कागद बघा, आणि रजिस्टर्ड ॲग्रीमेंटच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. ती मागायला कायद्यानेच मनाई आहे. जमलं तर प्लास्टर होण्याआधी साइटवर जाऊन पाइप आणि वायरिंगचे फोटो काढून ठेवा. पुढे ड्रिल करताना तुम्हीच स्वतःला धन्यवाद द्याल.

इन्स्पेक्शनच्या वेळी स्वतः हजर राहा. शंभर प्रश्न विचारा. मेन व्हॉल्व्ह कुठे, डीबीतला कुठला स्विच कशाचा, हे त्याच दिवशी कळून जातं. आणि शक्य असेल तर घर एकदा भर पावसात बघा. आपल्याकडे जुलै महिन्याइतका कडक इन्स्पेक्टर दुसरा नाही, आणि तो फीही घेत नाही.

या वीकेंडला साइट व्हिजिट ठरली असेल तर जरूर जा. सोफा कुठे बसेल तेही बघा, डोंगर दिसतो का तेही बघा. फक्त गाडीत एक सीट रिकामी ठेवा.